बेचिराग

गेल्या वर्षी आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी वर्गाला एक काम दिले. प्रत्येकाने आपापल्या गावाचा इतिहास आणि लोकसंख्या यांवर चार पाने लिहून आणायची. वर्गात आनंदीआनंद झाला, कारण पाठ न करता लिहिता येईल असा हा एकच विषय होता. शिरढोणच्या मुलाला तर काही शोधायचेच नव्हते. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म तिथला, १८४५ सालचा. चिरनेरकडच्या मुलीपाशी १९३० चा जंगल सत्याग्रह होता. जासईच्या मैत्रिणीपाशी १९८४ चा शेतकऱ्यांचा लढा होता. माझी पाळी आली तेव्हा सरांनी विचारले, "तुझे गाव कोणते?"

मी म्हटले, "कोल्ही."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "सर, ते आता आहे कुठे?"

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना रिक्षात बसल्यावर तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. विचारणाऱ्याचे काय चुकले होते? जिथे कोल्ही होते तिथे आज नवी मुंबईचा विमानतळ आहे. चिंचपाडा, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली वाडा, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशा एकूण दहा वस्त्या त्याच्यासाठी उठल्या. त्यांतली एक आमची. लोक आमचे नाव कधी एकटे घेत नसत. 'कोल्ही-कोपर' असे जोडीनेच घेत. आता जोडीनेच गेली.

सर हसले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "मग तुला जास्त काम आहे. जनगणनेच्या पुस्तकापासून सुरुवात कर."

ग्रंथालयात रायगड जिल्ह्याची जनगणना पुस्तिका मिळाली. त्यापूर्वी मला वाटे, लोकसंख्या म्हणजे एक आकडा. पुस्तिका उघडली तेव्हा कळले की प्रत्येक गावाला एक आडवी ओळ असते आणि त्या ओळीत गाव अनेक रकान्यांत कापून ठेवलेले असते. कुटुंबे किती, पुरुष किती, स्त्रिया किती, शून्य ते सहा वयाची मुले किती, साक्षर किती, निरक्षर किती, मुख्य कामगार किती, सीमांत कामगार किती आणि काम न करणारे किती. आपल्या देशात पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली, सगळीकडे एकाच वेळी अशी १८८१ मध्ये झाली आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी माणसे मोजली जात आली. २०२१ ची मोजणी तेवढी करोनाच्या साथीमुळे राहिली. म्हणजे आजही आपल्यापाशी शेवटचे गणित आहे ते २०११ चेच.

ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत झाली. मी तेव्हा चार वर्षांची होते. म्हणजे शून्य ते सहाच्या रकान्यात मी आहे! त्या छोट्याशा आकड्यात कुठेतरी आपण बसलो आहोत या कल्पनेने मला एकटीलाच हसू आले. पुढे वाचताना आणखी एक गोष्ट कळली. सात वर्षांखालच्या मुलाला वाचता येत असले तरी जनगणना त्याला निरक्षरांतच धरते. आमची आजी कधी शाळेत गेली नाही. तेव्हा २०११ साली कोल्हीच्या ओळीत निरक्षरांच्या रकान्यात आजी आणि मी शेजारीशेजारी बसलो होतो. त्या रकान्यातून मी उठून आले, ती तिथेच राहिली.

मी तो तक्ता वहीत उतरवून घरी नेला आणि आजीला समजावून सांगू लागले. 'काम न करणारे' या रकान्यावर माझे बोट थांबले. बाबा बाजूला बसले होते. ते म्हणाले, "तेव्हा मोजायला गुरुजी आले होते. सगळी माहिती मीच सांगितली. आई काय करते म्हणाले, मी म्हटले घरीच असते."

आजी निवडत बसलेले तांदळाचे सूप खाली ठेवून म्हणाली, "मी घरान कवा बसले गो बाय?"

खरेच, कधी बसली होती? पावसाळ्यात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, एरवी खाडीला ओहोटी लागली की चिखलात उतरून चिंबोऱ्या आणि निवट्या धरणे, पहाटे पाटी डोक्यावर घेऊन पनवेलच्या बाजारात जाणे. माझ्या आजोबांच्या आजारपणाचे पैसे त्या पाटीतून आले. आणि सरकारच्या पुस्तकात ती काम न करणारी! बाबा काही बोलले नाहीत. चूक मोजणाऱ्याची नव्हती, आमच्या घराचीच होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आकडे खोटे नसतात, पण त्यांना जे सांगावे तेवढेच ते बोलतात.

गावाची स्वतःची मोजणी वेगळी होती. आमच्याकडे "गावात माणसे किती?" असे कुणी विचारत नसे. विचारत ते "गाव किती उंबऱ्यांचे?" असे. वर्गणी ठरे ती उंबऱ्यामागे. लग्नाचे आमंत्रण सगळ्या घराला असेल तर ते चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. आणि खाडीच्या बांधाला भगदाड पडले की घरटी एक माणूस हजर व्हायचा. इथे घर गरीब की श्रीमंत हा प्रश्नच नव्हता.

या बांधाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्यासारख्या गावांचा इतिहास शोधायचा तर तो शिलालेखात सापडत नाही, मातीच्या बांधात सापडतो. पनवेल, उरण, पेण या बाजूची खाडीकाठची शेती म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. भरतीचे पाणी अडवायला मातीचा लांबच लांब बांध घालायचा. त्यात उघाडी ठेवायची, म्हणजे पावसाचे गोडे पाणी ओहोटीला बाहेर जाईल आणि भरतीचे खारे पाणी आत येणार नाही. दोन-चार पावसाळ्यांनी मातीतला खार धुऊन निघाला की तिथे भात होते. एका रात्री बांध फुटला तर पुन्हा तितकीच वर्षे वाट पाहायची. असा बांध एकट्या घराने राखता येत नाही. म्हणून मला वाटते, आमच्याकडे आधी गाव झाले आणि मग बांध घातला असे नसावे. बांध राखण्यासाठी जी माणसे एकत्र आली तेच गाव.

बाकी इतिहास नावांत आहे. चिंचपाड्यात चिंच, वाघिवलीत वाघ, कोंबडभुज्यात कोंबडा. आमच्या नावात कोल्हा आहे असे आजी म्हणते, आणि खाडीच्या तिवरांत कोल्हे आजही आहेत. राज्ये आली आणि गेली, गाव जागचे हलले नाही. मात्र त्याचा पत्ता बदलत गेला. पनवेल तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता, १८८३ मध्ये तो कुलाब्यात गेला आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. माझे पणजोबा कुलाबा जिल्ह्यात जन्मले, बाबा रायगडात. दोघांचे घर एकच होते!

पुढचा इतिहास अलीकडचा आहे आणि तो आपल्या महाविद्यालयातल्या निम्म्या मुलांच्या घरचा आहे. मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर बसवायचे ठरले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जासईचे दि. बा. पाटील हे पनवेलचे आमदार आणि पुढे कुलाब्याचे खासदार झाले. त्यांनी शेतकऱ्यांना उभे केले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. विमानतळाच्या वेळी ते साडेबावीस टक्क्यांवर गेले. हे आकडे आमच्याकडे अशिक्षित म्हाताऱ्यांनाही पाठ आहेत. आजीला पाढे येत नाहीत, पण साडेबारा आणि साडेबावीस यांतला फरक ती कुणालाही समजावून सांगेल.

विमानतळासाठी सुमारे ११६० हेक्टर जमीन लागली. उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. १८ फेब्रुवारी २०१८ ला पायाभरणी झाली. तेव्हा मी पाचवीत होते. सुरुंग उडाला की आमच्या मांडणीवरची भांडी वाजत आणि आम्ही मुले त्यावर पैज लावत असू की या खेपेला वाटी पडणार की नाही. मोठी माणसे मात्र दर संध्याकाळी देवळात बसून कागद वाचत. कागदाची भाषा मराठीच होती, पण ती समजायला दहावी झालेल्या मुलाला बोलवावे लागे. "शिकली असतीस तर तूच वाचला असतास," असे आजी आईला म्हणाली होती. मी कला शाखेला आले त्याचे कारण विचारले तर मी अजूनही तेच वाक्य सांगते.

मी सहावीत असताना आम्ही निघालो. घर दुसऱ्या कुणी येऊन पाडले नाही. कौले, वासे, दारे कामाला येतील म्हणून बाबा आणि काका यांनीच ते वरून खाली उतरवले. आजोबांनी बांधलेले घर त्यांच्या मुलांनी चार दिवसांत उतरवले. कौलांची चळत लागत गेली तसतसे घरात ऊन येत गेले. जिथे कधीच ऊन येत नसे त्या देवघराच्या कोपऱ्यात ऊन पडले तेव्हा आजी उठून बाहेर गेली. शेवटी तिने एकच हट्ट धरला. पुढच्या दाराचा लाकडी उंबरा टेम्पोत घालायला लावला. काका म्हणाले, "नव्या घराला ग्रॅनाइटचा बसवणार आहोत, याचे काय करणार?" ती म्हणाली, "तुमचा तुमी बसवा." तो उंबरा आज आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली आहे.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हा निबंध खोटा होईल. पुनर्वसनाच्या वसाहतीत आमचे पक्के घर झाले. दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत. माझी फी, पुस्तके आणि रोजचे रिक्षाभाडे त्या भाड्यातून येते. कोल्ही कोल्हीतच राहिले असते तर मी आज या महाविद्यालयात असते का? माझ्या दोन आत्या सातवीनंतर घरी बसल्या. गावापासून शाळा लांब होती, वाट शेतातून होती आणि पाटीला हात कमी पडत होते. तेव्हा माझ्या शिक्षणाचे पैसे आमच्या गावाने स्वतःला मोडून दिले असे म्हणावे लागते. विमानतळ झाला हे वाईट झाले असे मला सरसकट म्हणता येत नाही. चांगले झाले असेही तोंडातून निघत नाही. ज्यांनी मिळालेल्या पैशांतून शेत घेतले किंवा धंदा टाकला ते सावरले. ज्यांनी गाडी घेतली त्यांची गाडी जुनी झाली.

पण माणसे मोजताना जे निसटते ते मला आत्यामुळे कळले. नव्या घरात पहिल्या गौरीला ती माहेरी आली. घर बघून खूश झाली, पंखे बघितले, संडास घरातच आहे म्हणून आईला भाग्यवान म्हणाली. संध्याकाळी ओटा शोधत बाहेर आली. ओटा नव्हता. शेजारी कोण म्हणून विचारले तर शेजारी दुसऱ्या वस्तीतले. तिची बालमैत्रीण त्याच वसाहतीत पण चार गल्ल्या पलीकडे. ती मला म्हणाली, "घर चांगलाच हाय गो, पन मी माहेरी आले असा वाटत नाय." गावातल्या बायका बहुतेक दुसऱ्या गावांतून आलेल्या आणि गावच्या लेकी दुसऱ्या गावांत गेलेल्या. त्या लेकी गावाच्या लोकसंख्येत कधीच नसतात, कोणत्याच रकान्यात नसतात. पण गाव गेले तेव्हा त्यांचेही गेले, आणि त्यांना भूखंड मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

एवढे सगळे लिहून मी सरांकडे गेले आणि म्हटले, "लोकसंख्येच्या रकान्यात आजचा आकडा काय लिहू?" सर थोडा वेळ थांबले. मग त्यांनी फळ्यावर नव्हे, माझ्याच वहीत एक शब्द लिहिला. 'बेचिराग.' महसूल दफ्तरात ज्या गावाचे नाव आहे, हद्द आहे, पण वस्ती नाही, त्याला बेचिराग गाव म्हणतात. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते बेचिराग. मी पुस्तिकेत पाहिले तर अशा गावांनाही ओळ असते. नाव असते, पुढचे रकाने मोकळे असतात. २०११ साली देशात सहा लाख चाळीस हजारांवर गावे मोजली गेली आणि त्यांतली चाळीस हजारांहून जास्त निर्जन होती. मला वाटे आम्हीच एकटे. कोयनेच्या धरणाखाली गेलेल्या गावांतली कुटुंबे आपल्या रायगड जिल्ह्यातही येऊन राहिली आहेत. त्यांच्या आजीही असेच काहीतरी उचलून घेऊन आल्या असतील. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी दरडीखाली गेली, तिथे तर उचलायलाही वेळ मिळाला नाही. त्यांच्यापुढे आमचे दुःख बोलून दाखवायला मला संकोच वाटतो.

तरी तो शब्द मला टोचला. कारण आमच्या गावाच्या जागी दिवे नाहीत असे कोण म्हणेल? ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. रात्री गच्चीवरून पाहिले तर साऱ्या पनवेल तालुक्यात सर्वांत जास्त उजेड तिथेच आहे. आजी गच्चीवर आली की त्या उजेडाकडे पाहून म्हणते, "आपला गाव त्या तिकडं." पाहुण्यांना ती अजूनही दिशा दाखवते. दफ्तराच्या भाषेत मात्र ते बेचिराग, कारण तो उजेड कुणाच्या घरातला नाही.

आता पुढची जनगणना जाहीर झाली आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल. आम्ही सगळे त्यात येऊ. नव्या पत्त्यावर, वेगवेगळ्या गल्ल्यांत, वेगवेगळ्या यादीत. देशाच्या बेरजेत आमच्यातला एकही कमी होणार नाही. फक्त कोल्हीच्या नावापुढे आमची बेरीज पुन्हा कधी लागणार नाही. या खेपेला माहिती सांगायला मी दारात बसणार आहे. आजीचे काम काय असे विचारले तर काय सांगायचे ते मी ठरवून ठेवले आहे.

तोवर मी आणि आजी आमची स्वतःची मोजणी करीत आहोत. एक दोनशेपानी वही आणली आहे. रात्री जेवणे झाली की आजी डोळे मिटते आणि बांधाच्या बाजूने गावात शिरते. पहिले घर कुणाचे, त्याच्या पुढचे कुणाचे, पडवीला कोण बसे, कोणत्या परसात शेवगा होता, कोणती सून कोणत्या गावची, कोणती लेक कोणत्या गावी दिली. मी लिहून घेते. लेकींसाठी मी वेगळा रकाना आखला आहे. आजी चुकली की आई स्वयंपाकघरातून दुरुस्ती करते, मग दोघींची जुंपते, आणि एखाद्या रात्री एकाच घरावर तास जातो. मोजणी अजून देवळापर्यंतच आली आहे.

परवा एका घरापाशी मी अडले. त्या घरातली माणसे कामधंद्याला मुंबईला गेलेली, घराला वर्षानुवर्षे कुलूप. मी आजीला विचारले, "बंद घर मोजायचे का?"

ती डोळे न उघडताच म्हणाली, "घर बंद व्हता, पन सांजचा दिवा लावाला कोन तरी जातच व्हता. मोज त्याला."

मी मोजले.